विष्णुपुरी सोडण्याआधी

लातूर

चि. लेकरास,


काल अक्काचा फोन आला. तू केलेलं प्रोजेक्टच्या कामांच्या यादीचं टूल आता ज्युनियर पोरंही वापरायलीत, हे ऐकून फार बरं वाटलं. पण बोलता बोलता ती म्हणाली, की डॉक्युमेंटेशनचं विचारलं तर तू उत्तर दिलंस, "कोड साफ आहे, ज्याला गरज असेल तो वाचेल." तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. परीक्षा संपली की तू पुण्याच्या गाडीत बसशील. मग त्या यादीत ज्यांची कामं अर्धवट आहेत त्यांनी कुणाला विचारायचं? तुझ्या हुशारीची मला शंका नाही. तू गेल्यावर काय, एवढीच काळजी आहे, आणि या पत्रात ती पुन्हा पुन्हा येईल.

कोड साफ असला तर तो काय घडतं ते सांगतो. असं का ठरवलं, हे तो सांगत नाही. तुझ्या यादीतला 'झालं' हा एकच शब्द घे. पोरानं लिहून संपवलं म्हणजे झालं, की गाईड सरांनी पाहून मान्य केलं म्हणजे झालं? चौघांच्या गटात दोघांनी एक अर्थ धरला आणि दोघांनी दुसरा, तर यादी खोटी ठरते आणि कोडमध्ये मात्र एकही चूक सापडत नाही. काढून टाकलेलं काम कायमचं जातं, की नुसतं दिसेनासं होतं? मुदत टळलेलं काम आपोआप वर येतं का? ही उत्तरं तुला पाठ आहेत, म्हणूनच ती लिहायची गरज तुला वाटत नाही.

याच जातीच्या कामाचं एक उदाहरण आहे. जिना ट्रपानी यांनी २००६ मध्ये 'टूडू डॉट टीएक्सटी' सुरू केलं. त्याची सगळी रचना दोन-चार नियमांत मावते. एक ओळ म्हणजे एक काम, प्रोजेक्टच्या नावाआधी अधिकचं चिन्ह, झालेल्या कामाच्या ओळीच्या सुरुवातीला इंग्रजी एक्स आणि मोकळी जागा. हा एक्स लहान लिपीतलाच हवा. का, तेही नियमांसोबत लिहून ठेवलंय: लहान एक्स असला की साध्या वर्णक्रमानं लावतानाही झालेली कामं यादीच्या तळाशी जातात. बघ, अक्षर एवढंसं, पण त्याचं कारणसुद्धा सोडलेलं नाही. त्या लिखाणाच्या बळावर कितीतरी अनोळखी लोकांनी आपापले प्रोग्राम केले, आणि त्यासाठी मूळ माणसाला गाठत बसायची गरज नव्हती.

तू म्हणशील, लिहिलेलं जुनं होतं, कोड बदलतो आणि कागद तिथंच राहतो. खरं आहे, आणि चुकीचा कागद हा नसलेल्या कागदापेक्षा वाईट, हेही मला मान्य आहे. पण त्यावरून लिहूच नये असं ठरत नाही, बदल केला त्याच दिवशी लिहावं एवढंच ठरतं. २०२४ मध्ये टास्कवॉरियर या कामांच्या यादीच्याच प्रोग्रामची तिसरी आवृत्ती आली तेव्हा कामं साठवण्याची पद्धतच बदलली. जुन्या आवृत्तीतली कामं आपोआप नव्या साठ्यात येत नव्हती, ती आधी बाहेर काढून मग आत घ्यावी लागत. सूचना न वाचता नवी आवृत्ती चढवणाऱ्यापुढं रिकामी यादी. त्याची कामं गेलेली नसतात, पण हे त्याला कोण सांगणार? तिथं चार ओळींचं मोल प्रोग्रामइतकंच असतं.

आणि आता सगळे म्हणतात ते, की एआय कोड वाचून लिहून देईल. देऊ दे. कोडमध्ये जे आहे ते तो सांगेल. तू कोणता दुसरा मार्ग सोडून दिलास आणि का, हे कोडमध्ये नाहीच.

माणूस गेल्यावर काय उरतं याबाबत महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनी माणसामाणसाकडं जाऊन आठवणी गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या आणि लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढं परचक्राच्या धामधुमीत मूळ प्रत गेली. ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो शिष्यांच्या पाठांतरातून, आणि म्हणूनच त्याचे पाठही अनेक झाले. तिथं निदान पाठ करणारे होते, लेकरा. तुझं टूल कुणी पाठ केलेलं नाही.

आपल्या भागाचा विचार केलास तर हे जास्तच लागू पडतं. नांदेडच्या विष्णुपुरीतली तुझी अभियांत्रिकी संस्था १९८१ ची. तेव्हापासून एक तुकडी निघते, दुसरी येते. शिकलेलं माणूस पुण्या-मुंबईला जातं, त्यात गैर काही नाही, तूही जा. पण नांदेडच्या वसतिगृहात मागं राहिलेलं किनवटचं नाहीतर उदगीरचं पोर इंग्रजीत अडखळत असेल, त्याच्यासाठी पहिलं पान मराठीत लिही. लिहून झालं की ते टूल कधी न पाहिलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीच्या हातात दे आणि शेजारी गप्प बस. ती जिथं थांबेल तिथं तुझं वाक्य कमी पडलंय. लातूर पॅटर्नमध्ये वाढलेल्या तुला सराव परीक्षेचं महत्त्व मी काय सांगावं.

उमेदीच्या वयात मीही समजत होतो, की काम चोख असलं म्हणजे बोलावं लागत नाही. त्याची खंत अजून आहे.

फार बोललो. रागावू नकोस. अक्काला वाटतं तू रात्र रात्र जागतेस, तेव्हा हे काम जागून करू नकोस, रोज अर्धं पान पुरे. लिहिशील तसं मला पाठव. मी सावकाश वाचेन, अडेन तिथं पेन्सिलीनं खूण करेन आणि फोटो काढून पाठवेन. शनिवारी आलीस तर गाडी कितीची ते कळव, स्टेशनवर येतो.

तुझा,
मामा