‘अंतःस्फोट’ आणि विद्यापीठीय समतेचा प्रश्न

कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) हे आत्मपर लेखन दलित स्त्रीच्या शिक्षणाची कहाणी म्हणून वाचले जाते. परंतु त्यात उच्चशिक्षणाच्या व्यवस्थेची चिकित्साही आहे. नागपुरात वाढलेल्या लेखिकेने संस्कृतमध्ये एम. ए. केले, तरी अध्यापकाची नियुक्ती सहजी मिळाली नाही. आंतरजातीय विवाहानंतर जात सूचित करणारे ‘सोमकुवर’ हे आडनाव जाऊन ‘पावडे’ आले आणि मगच ती मिळाली, असे त्या सांगतात. पदवी व ज्ञान तेच होते. बदलले होते आडनाव. संस्कृतपांडित्याच्या कौतुकातही जातीविषयीचे आश्चर्य दडलेले असते, ही त्यांची जाणीव मार्मिक आहे. प्रवेश मिळणे म्हणजे सामावले जाणे नव्हे. विद्यापीठातील समता म्हणूनच केवळ प्रवेशसंख्येवरून ठरत नाही. नियुक्ती आणि वर्गातील वागणूक याही तिच्या कसोट्या ठरतात.