घरपोच ताजे दूध : अंतर नव्हे, तास मोजावेत

पहाटे दारी येणारे दूध ही गृहस्थाच्या दिनक्रमाची पहिली गरज होय. या नित्याच्या पुरवठ्यास मराठीत ‘रतीब’ असा नेमका शब्द आहे. पवार घराण्याच्या थोरल्या व धाकट्या पातीच्या संस्थानांमुळे माळव्यातील देवास येथे अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झाली. देवास शहरात दूध दोन वाटांनी घरी येते. आसपासच्या खेड्यांतील दूधवाले ते सायकलीवर वा मोटारसायकलीवर कॅन बांधून आणतात. तसेच सहकारी संघाचे ‘सांची’ दूध पिशव्यांतून मिळते. १९८० साली स्थापन झालेल्या मध्य प्रदेश राज्य सहकारी दुग्ध महासंघाचे हे दूध होय. या दोहोंपैकी ताजे कोणते, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. जवळच्या गोठ्यातील ते ताजे, हे त्याचे सर्वसाधारण उत्तर असते. ते पूर्णतः बरोबर नाही.

ताजेपणा म्हणजे काय?

कासेतून निघणारी धार जनावराच्या शरीराइतकीच, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअस उष्ण असते. सूक्ष्म जंतूंच्या वाढीस हेच तापमान सर्वांत पोषक होय. ताज्या दुधात जंतूंना काही काळ रोखून धरणारी नैसर्गिक शक्ती असते. परंतु उष्ण हवेत ती दोन-तीन तासांतच ओसरते. त्यानंतर जंतू झपाट्याने दुप्पट, चौपट होत जातात. ४ अंशांपर्यंत थंड केलेल्या दुधात मात्र ही वाढ फार मंदावते.

१९४५ साली आणंद येथून मुंबईस रेल्वेने दूध नेण्याची योजना सुरू झाली. हे अंतर चारशे किलोमीटरांहून अधिक असूनही ते दूध टिकले, कारण ते तापवून व थंड करून पाठविले जात होते. उलटपक्षी, पाच किलोमीटरांवरील खेड्यात सायंकाळी काढलेले दूध रात्रभर तसेच ठेवून सकाळच्या दुधात मिसळले, तर दारी येईतो त्यास दहा-बारा तास लोटलेले असतात. यास्तव ताजेपणा किलोमीटरांत न मोजता तासांत, स्वच्छतेत आणि थंडाव्यात मोजावा.

गोठ्यापासून दारापर्यंत

स्वच्छ दुधाचा आरंभ गोठ्यात होतो. धार काढण्यापूर्वी कास व सड कोमट पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसावेत. पहिल्या एक-दोन धारा वेगळ्या भांड्यात घेऊन टाकून द्याव्यात. त्यात जंतू अधिक असतात, शिवाय कासदाह झाला असल्यास दुधातील गुठळ्या तेव्हाच दृष्टीस पडतात. दुधाचे भांडे अरुंद तोंडाचे व सांधे नसलेले असावे. पातळ प्लॅस्टिकचे डबे आतून नीट घासले जात नाहीत. त्यांचा वापर टाळावा. वाहतुकीत कॅनभोवती ओले पोते गुंडाळल्यास उन्हाळ्यात पुष्कळ लाभ होतो. सायंकाळचे दूध सकाळच्या दुधात कदापि मिसळू नये. दूध नासू नये म्हणून त्यात सोडा किंवा अन्य रसायन घालणे हा कायद्याने गुन्हा आहे.

पाण्याचा हिशेब

दुधाचा दर मुख्यतः स्निग्धांशावर ठरतो. प्रमाणित दुधात किमान ४.५ टक्के, टोन्ड दुधात ३ टक्के व संपूर्ण मलईयुक्त दुधात ६ टक्के स्निग्धांश असावा, असा नियम आहे. पिशवीवर हे प्रमाण छापलेले असते. सुट्या दुधावर ते नसते. तेथे ग्राहक केवळ दर पाहतो, आणि फसगतीस येथूनच सुरुवात होते.

एक उदाहरण घेऊ. ६ टक्के स्निग्धांशाचे १० लिटर दूध आहे व त्याचा रास्त दर लिटरला ६० रुपये मानला, तर त्याची किंमत ६०० रुपये होते. ग्राहकाने घासाघीस करून दर ५४ रुपयांवर आणला आणि दूधवाल्याने त्यात २ लिटर पाणी घातले. आता दूध १२ लिटर झाले, स्निग्धांश ५ टक्क्यांवर आला आणि ग्राहकाने ६४८ रुपये मोजले. म्हणजे खऱ्या दुधाचा दर त्यास ६४ रुपये ८० पैसे पडला. लिटरमागे ६ रुपये वाचविल्याच्या समाधानात त्याने ४८ रुपये अधिक दिले. शिवाय ते पाणी कोठले, हे त्यास ठाऊक नाही. घरातील तान्ह्या मुलाच्या पोटात तेच पाणी जाते. यास्तव सचोटीच्या दूधवाल्यास रास्त दर देणे हे ग्राहकाच्याच हिताचे होय.

दुग्धमापकाने दुधाची घनता कळते; परंतु पाण्यासोबत साखर वा दूध भुकटी घातल्यास हे यंत्र फसते. घरी करण्याजोग्या चाचण्या सोप्या आहेत. तिरप्या, गुळगुळीत पृष्ठभागावर दुधाचा थेंब सोडावा. शुद्ध दूध सावकाश ओघळते व मागे पांढरी रेघ ठेवते. पाणी मिसळलेले दूध रेघ न ठेवता चटकन वाहून जाते. दूध उकळून गार करून त्यात आयोडिनचे दोन थेंब टाकल्यावर निळा रंग आला, तर पिठाची भेसळ समजावी.

रतीब का तुटतो?

चैत्र-वैशाखात हिरवा चारा आटला की दूध कमी होते, आणि नेमक्या याच दिवसांत पाणी घालण्याचा मोह वाढतो. या जिल्ह्यात पाण्याची टंचाई जुनी आहे. १९९० साली देवास शहरास रेल्वेने पाणी आणावे लागले होते. २००६ पासून जिल्हा प्रशासन व शेतकरी यांनी मिळून शेततळ्यांची मोहीम हाती घेतली. टोंकखुर्द व अन्य भागांतील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही हिस्सा देऊन तळी खोदली. काळ्या मातीत पाणी टिकले, रब्बीचे क्षेत्र वाढले आणि चाऱ्याची सोय झाल्याने दुभती जनावरे पाळणे सुकर झाले. दारी येणाऱ्या दुधाचा संबंध गावातील तळ्याशी असा जोडलेला आहे.

घरी घ्यावयाची काळजी

सुटे दूध कितीही ताजे असले तरी न उकळता पिऊ नये. क्षय व सांसर्गिक गर्भपात यांसारखे जनावरांचे रोग कच्च्या दुधावाटे माणसास होऊ शकतात. पाश्चरीकरणात दूध ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून तत्काळ थंड करतात. घरी ते ढवळीत उकळावे, लवकर निववावे व थंड जागी झाकून ठेवावे. कोमट दूध तासन्‌तास उघडे ठेवल्यास उकळण्याचे श्रम वाया जातात. रतीब लावताना गृहिणीने दूधवाल्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : दूध कोणत्या वेळी काढले? सायंकाळचे दूध त्यात आहे काय? जनावरांची रोगतपासणी झाली आहे काय?

शिक्षकांनी थेंबाची व आयोडिनची चाचणी वर्गात करून दाखविल्यास हे ज्ञान विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचेल. पशुवैद्यकीय कर्मचाऱ्यांनी स्वच्छ दोहनाची प्रात्यक्षिके गोठ्यातच घ्यावीत. उत्पादकाने वेळ व स्वच्छता पाळावी आणि ग्राहकाने रास्त दर द्यावा. असे झाल्यास रतीब दोघांच्याही घरी समाधान आणील.