‘मी बघितलं’वर विसंबू नका

मांजर हरवलं की पहिला सल्ला ठरलेला: "येईल गं आपोआप, मांजरच ते." आमची गुंडी आपोआप आली नाही. कुलूप उघडायला लावून तिला आणावं लागलं. त्यावरही ‘एका मांजरापायी केवढा तमाशा’ असं ऐकून घ्यावं लागलं, म्हणून एकदाचं सगळं सांगते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जिन्यात कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू फराळ घेऊन आल्या होत्या. उघड्या दारातून गुंडी जी सुटली, ती थेट खाली. पार्किंग, गच्ची, मागची गल्ली, सगळं पालथं घातलं. राहिली फक्त पंपाची खोली. तिची किल्ली सेक्रेटरींकडे.

"मी स्वतः बघितलं, तिथे काही नाही. सणासुदीचं मांजराचं काय घेऊन बसलात वहिनी?" दुसऱ्या दिवशी परत गेले, तर दारातूनच, "एकदा सांगितलं ना?" वर सोसायटीच्या ग्रुपवरचा गुंडीचा फोटोही काढून टाकला. म्हणे ग्रुप वैयक्तिक कामासाठी नाही. हळदीकुंकवाची आमंत्रणं चालतात, मांजराचा फोटो चालत नाही!

शेवटी जिना झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "ताई, पंपाच्या खोलीत काहीतरी खरडतंय. मला वाटलं घूस असंल." रात्री सगळं शांत झाल्यावर खाली गेले. दारापाशी पालथी पडून खालच्या फटीतून टॉर्च मारला. जुन्या पाइपांच्या ढिगामागे दोन हिरवे ठिपके चमकले. "गुंडे" म्हणून हाक मारली, तरी हूं नाही की चूं नाही. फटीच्या कडेला मात्र तिचे पिवळे केस चिकटलेले होते. ते बोटांत आले तेव्हा डोक्यात तिडीक गेली. रोषणाईच्या माळांचं कनेक्शन त्या खोलीतून घेतलेलं, म्हणून ती त्या संध्याकाळी उघडी होती. हे सेक्रेटरींना पक्कं ठाऊक होतं.

मध्यरात्री त्यांना उठवलं. कुलूप काढताना म्हणाले, "मी खिडकीतून बघितलं होतं." त्या खिडकीच्या काचेवर इतकी धूळ आहे की भर दुपारीही आतलं दिसत नाही. गुंडी सापडल्यावर निदान ‘बरं झालं’ म्हणतील असं वाटलं होतं. म्हणाले, "आता ही खोली धुणार कोण?"

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी सांगते. शोध घरापासून सुरू करा. १,२१० हरवलेल्या मांजरांचा एक अभ्यास २०१८ मध्ये ‘अ‍ॅनिमल्स’ या नियतकालिकात आला होता. त्यात सापडलेल्या मांजरांपैकी तीन चतुर्थांश ५०० मीटरच्या आत सापडली, आणि स्वतः फिरून शोधलं तर मांजर जिवंत मिळण्याची शक्यता वाढते असंही दिसलं. घाबरलेलं मांजर मालकाच्या हाकेलाही ओ देत नाही. म्हणून कानांवर भिस्त ठेवू नका. रात्री वर्दळ थांबली की टॉर्च आपल्या डोळ्यांच्या उंचीवर धरून जिन्याखाली, गाड्यांखाली, डक्टमध्ये मारा. मांजराच्या डोळ्यात मागच्या बाजूला उजेड परतवणारा पडदा असतो, त्यामुळे अंधारात आधी डोळेच दिसतात.

विचारायचं तर झाडणाऱ्या मावशींना, दूधवाल्याला, पेपर टाकणाऱ्या मुलाला विचारा. पहाटे इमारतीत तेच फिरत असतात.

पत्रकावर फोटो द्या, पण एक खूण राखून ठेवा. मला एकाचा फोन आला, "मांजर माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा." शेपटीला कुठे गाठ आहे एवढंच विचारलं, तर फोन बंद. माणसं असल्या वेळीही लुबाडायला बघतात.

मायक्रोचिप बसवा, पण ती मांजर कुठे आहे ते दाखवत नाही. स्कॅनर लावल्यावर १५ आकडी नंबर तेवढा मिळतो, आणि त्यापुढे नोंदवलेला तुमचा फोन चालू असेल तरच उपयोग. म्हणून गळ्यात नंबर लिहिलेला पट्टाही हवाच, अडकला तर आपोआप सुटणारा.

सापडल्यावर भरमसाट खायला घालू नका. पाणी द्या, थोडं थोडं खाणं द्या आणि लगेच डॉक्टरांकडे न्या. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही लठ्ठ असेल तर, यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. पकडताना चावलं किंवा ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि कुलपाआडच्या जागेबद्दल कुणाचंही तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका. दोन शेजारी सोबत न्या, कुलूप समोर उघडायला लावा, आत स्वतः वाकून बघा. नाहीच उघडलं तर लेखी द्या, तरीही नाही तर पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला फोन करा. शेजारधर्मात वाईटपणा येईल, येऊ दे. माझ्याशी सेक्रेटरी अजून बोलत नाहीत आणि माझं त्यावाचून काही अडलेलं नाही.