कोणाचा रे तू?

प्रश्न : आमच्या संस्थेच्या लिनक्स सर्व्हरवर सुरक्षेचं सॉफ्टवेअर बसवलं आहे. दर सोमवारी त्याचा लांबलचक रिपोर्ट येतो, त्यात लाल-केशरी सूचनांची गर्दी असते. यातलं खरोखर संशयास्पद काय हे कसं ओळखायचं? आणि लिनक्सला व्हायरस लागत नाही म्हणतात, मग हा खटाटोप कशासाठी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेतो. सर्व्हरवर बसून कोणी ईमेलमधली फाइल उघडत नाही, म्हणून घरच्या कॉम्प्युटरसारखा व्हायरस तिथे सहसा दिसत नाही, एवढंच त्या म्हणण्यात तथ्य आहे. लिनक्सवर चोर येतो तो उघड्या पोर्टमधून, अपडेट न केलेल्या वेब अॅप्लिकेशनमधून किंवा सोप्या पासवर्डवरून. बऱ्याचदा त्याला तुमच्या माहितीत रसही नसतो. त्याला तुमचा प्रोसेसर हवा असतो, मोनेरो नावाचं आभासी चलन फुकटात खणायला.

आता रिपोर्ट. रंगांवर फार विसंबू नका. रंग सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी ठरवते आणि तुमचा सर्व्हर रोज काय काम करतो हे तिला माहीत नसतं. दुरून लॉगिन करण्याचं, म्हणजे एसएसएचचं, पोर्ट इंटरनेटला उघडं असेल, तर फसलेल्या लॉगिनचे हजारो प्रयत्न दिसणारच; जगभरचे बॉट दिवसरात्र दारं ठोठावत असतात. त्यात शोधायचं एकच : ज्या पत्त्यावरून शंभरदा नकार मिळाला, त्याच पत्त्यावरून नंतर एकदा होकार मिळाला का?

माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ द्यावा तो प्रोसेसच्या वंशावळीला. गावात अनोळखी पोर दिसलं की पारावरचे आजोबा नाव विचारत नाहीत, ‘कोणाचा रे तू?’ असं विचारतात. लिनक्सवर जवळपास प्रत्येक प्रोसेसला जन्म देणारी दुसरी प्रोसेस असते आणि बहुतेक रिपोर्टांत ही साखळी दिलेली असते. एनजिनएक्स, पीएचपी, टॉमकॅट यांचं काम वेबपानं वाढण्याचं. त्यांच्या पोटी शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) जन्माला आला आणि त्या शेलनं कर्ल किंवा डब्ल्यूगेट वापरून बाहेरून काही उतरवलं, तर रिपोर्टची बाकीची पानं बाजूला ठेवून तिथेच थांबा. नुसता शेल दिसला म्हणून मात्र आरडाओरड नको. फोटोंचा आकार बदलायला किंवा पीडीएफ बनवायला काही अॅप्लिकेशन शेलला हाक मारतात. आधी डेव्हलपरला विचारा.

नाव मात्र हमखास फसवतं. किन्सिंग या मालवेअरची गोष्ट ऐका. 2020 साली ते कुलूप न लावलेल्या डॉकर सर्व्हरवर पसरत होतं. त्याच्या खाणकाम करणाऱ्या प्रोसेसचं नाव होतं ‘केडेव्हटीएमपीएफएसआय’. लिनक्सच्या कर्नलचा ‘केडेव्हटीएमपीएफएस’ नावाचा खरा धागा असतोच. चोरानं शेवटी फक्त एक ‘आय’ चिकटवला. घाईत वाचणाऱ्याचा डोळा त्यावरून घसरून जातो. काही जण तर नावाला चौकोनी कंस लावतात, कारण प्रोसेसच्या यादीत कर्नलचे धागे तसेच दिसतात. इथेही वंशावळच कामी येते : कर्नलच्या धाग्यांची जन्मदाती क्रमांक 2 ची प्रोसेस असते. कंसातल्या प्रोसेसचा बाप दुसराच निघाला, तर तोतयाचा संशय धरा.

प्रोग्राम कुठून चालला तेही पाहा. टीएमपी आणि डेव्ह-एसएचएम या फोल्डरांत कोणालाही लिहिता येतं, त्यामुळे बाहेरून आलेल्याचा मुक्काम बहुधा तिथेच पडतो. फाइल पुसलेली आणि प्रोसेस मात्र चालू, अशी नोंद आली तर कान टवकारा. पण त्याच रात्री अपडेट झालं असेल तर जुन्या सेवाही रीस्टार्ट होईपर्यंत अशाच दिसतात.

मग चोरानं पुन्हा आत शिरायला राखलेली परतीची वाट : क्रॉनमध्ये नवी ओळ, सिस्टमडीची नवी सेवा, रूटच्या खात्यात अनोळखी एसएसएच किल्ली. प्रत्येक प्रोग्रामबरोबर आणखी काय लोड करायचं हे सांगणारी ‘एलडी डॉट एसओ डॉट प्रीलोड’ ही फाइल बहुतेक सर्व्हरवर नसतेच. ती अचानक उगवली असेल तर प्रकरण गंभीर आहे.

एक बारीकशी गोष्ट, पण ती लोकांचे तास खाते. कित्येक रिपोर्टांतल्या वेळा यूटीसीत असतात, भारतीय वेळेत नव्हे. रात्री 9 वाजता कोण काम करत होतं म्हणून तुम्ही चौकशी लावता आणि तो निघतो पहाटे अडीचचा तुमचाच बॅकअप.

रिपोर्ट कोरा आला म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या लायब्ररीच्या 5.6.0 आणि 5.6.1 आवृत्त्यांत पेरलेलं चोरदार उघडकीस आलं, ते पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे. तो सुरक्षातज्ज्ञ नव्हता. कामगिरीची मोजमापं घेताना त्याला दिसलं की चुकीच्या नावांमुळे लगेच फसणारी लॉगिनंही प्रोसेसर भरपूर खात आहेत आणि एसएसएचला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. म्हणजे जी फसलेली लॉगिनं मी वर नेहमीचीच म्हणून सोडून दिली, त्यांनीच इथे सुगावा दिला. आपलं यंत्र एरवी कसं चालतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून ते जमलं. तुम्हीही एखाद्या शांत आठवड्यात नेहमीच्या प्रोसेस, क्रॉनच्या ओळी, उघडी पोर्ट यांची यादी करून ठेवा. पुढचा प्रत्येक रिपोर्ट त्या यादीशेजारी ठेवून वाचा.

काही सापडलंच तर घाबरून सर्व्हर रीस्टार्ट करू नका. डेव्ह-एसएचएम मेमरीत असतं, रीस्टार्टबरोबर तिथला पुरावा जातो. नेटवर्कपासून तोडा आणि यंत्र चालू ठेवून जाणकाराला बोलवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत तिला कळवावी लागते आणि लॉग 180 दिवस जपावे लागतात. ते लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवत राहा. रूट मिळवलेला माणूस सगळ्यांत आधी तेच पुसतो.