विषारी वायूची गळती : क्लोरीनचा पाठ

(इयत्ता ४ थी ते ७ वी. विषय : सामान्य विज्ञान, भूगोल व आरोग्य. अवधी : दोन तासिका व एक मैदानी सराव.)

पाठाचा हेतू

मालवणच्या किनाऱ्यावरील खेड्यांत मोठे रासायनिक कारखाने नाहीत. तेव्हा येथील मुलांना क्लोरीन वायूच्या गळतीचा पाठ कशासाठी द्यावयाचा, अशी शंका काही शिक्षकांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु क्लोरीन हा कारखान्याच्या कुंपणात राहणारा पदार्थ नव्हे. पाणीपुरवठ्याच्या योजनांत तो वापरला जातो. राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून नाना प्रकारच्या रसायनांचे टँकर जात असतात. आणि सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे, गावच्या विहिरीत जलसुरक्षक जे टी. सी. एल. चूर्ण टाकतो, त्याच्या पोत्यात क्लोरीनच बांधलेला असतो. ते पोते कित्येकदा शाळेच्या आवारापासून हाकेच्या अंतरावर असते.

या पाठाचे मुख्य सूत्र एकच आहे. वास नाकाला लागल्यावर विचार करावयास वेळ उरत नाही. तो विचार वाऱ्याची दिशा आणि गावची उंचसखल भूमी पाहून आधीच करून ठेवावयाचा असतो.

क्लोरीनची ओळख

पाठाचा आरंभ मिठापासून करावा. वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडे येथील मिठागरे १९३० च्या सत्याग्रहामुळे मुलांच्या ऐकण्यात असतात. आपण रोज खातो त्या मिठात सोडियम व क्लोरीन ही दोन मूलद्रव्ये एकमेकांशी बांधलेली आहेत. मिठाच्या पाण्यातून विजेचा प्रवाह सोडला की क्लोरीन सुटा होतो. शेले या शास्त्रज्ञाने १७७४ मध्ये हा वायू प्रथम तयार केला व १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही याने तो मूलद्रव्य असल्याचे ओळखून त्याला क्लोरीन हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्या नावाचा अर्थ फिकट हिरवा असा होतो.

वायूचे पुढील गुणधर्म मुलांकडून वदवून घ्यावेत :

(१) त्याचा रंग पिवळट हिरवा असतो. वायू विरळ असेल तर मात्र रंग दिसत नाही. म्हणून रंग दिसेपर्यंत थांबू नये.

(२) त्याचा वास उग्र असून नाकाघशाला झोंबतो. टी. सी. एल. चूर्णाचा डबा उघडताच जो वास येतो, तोच.

(३) तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड आहे. शून्य अंश उष्णतामानात एक लिटर हवेचे वजन सुमारे १.३ ग्रॅम, तर एक लिटर क्लोरीनचे सुमारे ३.२ ग्रॅम भरते. त्यामुळे तो पाण्यासारखा सखल जागेकडे वाहतो व तेथे साचून राहतो.

(४) नळकांड्यात तो दाबाखाली द्रवरूपात भरलेला असतो. द्रव बाहेर पडला की सुमारे साडेचारशे पट फुगून वायू होतो. लहान नळकांड्यातूनही मोठा ढग निघतो तो यामुळे.

(५) डोळे, घसा व फुप्फुसे यांतील ओलाव्याशी मिसळून तो आम्ल बनवतो. हे आम्ल आतील नाजूक त्वचा जाळते. हवेच्या दहा लाख भागांत क्लोरीनचे १० भाग झाले तरी ते जिवाला तत्काळ धोकादायक मानले जाते.

वायू जड असल्यामुळे मुलांना मोठ्या माणसांपेक्षा अधिक धोका असतो. त्यांचे नाक जमिनीला जवळ असते व त्यांचा श्वासही जलद चालतो. पहिलीतील मूल खोकू लागेल तेव्हा उभ्या असलेल्या शिक्षकास कदाचित काहीच जाणवलेले नसेल. अशा वेळी मुलांचे खोकणे हा खोडसाळपणा समजू नये.

घडलेल्या घटना

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने सुमारे पावणेसहा हजार नळकांड्यांतून क्लोरीन सोडला. त्यासाठी ते अनुकूल वाऱ्याची वाट पाहत थांबले होते. जे सैनिक खंदकाच्या तळाशी बसले वा आडवे झाले, त्यांना उंचावर उभे राहिलेल्यांपेक्षा अधिक बाधा झाली. चारच दिवसांनी लाहोर डिव्हिजनमधील भारतीय जवानांनाही या वायूला तोंड द्यावे लागले. वारा आणि सखल जागा, या दोन गोष्टींचे महत्त्व या एकाच घटनेतून मुलांच्या ध्यानी आणून देता येते.

महाराष्ट्रातील उदाहरणेही आहेत. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर भागात, कित्येक वर्षे पडून राहिलेल्या जुन्या नळकांड्यांतील क्लोरीन सुटला. शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला. त्यांत विद्यार्थीही होते. ९ ऑक्टोबर २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधील कासारवाडी येथील जलतरण तलावावर क्लोरीनची गळती झाली व अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. यांतील पहिली जागा मालाची साठवण करण्याची होती, तर दुसरी लोकांच्या पोहण्याची. जॉर्डन देशातील अकाबा बंदरात २७ जून २०२२ रोजी यारीवरून टाकी निसटून फुटली आणि १३ माणसे मृत्युमुखी पडली.

किनाऱ्याचा वारा आणि भूमी

भूगोलाच्या तासात खारे वारे व मतलई वारे शिकविले जातात. तोच धडा येथे प्राण वाचवितो. पावसाळा सोडल्यास दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो, तर रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे. म्हणजे सकाळच्या शाळेत व दुपारच्या शाळेत वाऱ्याची दिशा अगदी उलट असू शकते. यास्तव प्रत्येक शाळेने जमावयाची जागा एक न ठरविता दोन ठराव्यात, आणि वारा पाहून त्यांतील एक निवडावी. मच्छीमारांची मुले वारा ओळखण्यात तरबेज असतात. त्यांना वर्गात पुढे बोलवावे. माडाच्या झावळ्या, ध्वजस्तंभावरील फडके, चुलीचा धूर यांवरून दिशा सांगण्याचा सराव रोज परिपाठाच्या वेळी अर्ध्या मिनिटात होण्यासारखा आहे.

बाहेर पडण्याचा नियम असा : प्रथम वाऱ्याला आडवे निघावे, मग उंच जागी चढावे. वाऱ्याच्या पुढे पळणे म्हणजे ढगाबरोबर पळणे होय. वाऱ्याच्या तोंडावर चालत गेले आणि वाटेत गळतीची जागा असली, तर माणूस थेट विषात शिरतो. आडवी वाट ढगाच्या कडेबाहेर लवकर नेते.

सड्याच्या पायथ्याशी असलेल्या शाळेने सड्याची वाट धरावी. व्हाळ, मळ्याची खोलगट जमीन, विहिरीचा परिसर व चिऱ्यांची खाण टाळावी. देवबागसारख्या गावात चढावयास उंचवटाच नाही. तेथे पश्चिमेस समुद्र, पूर्वेस कर्लीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. परंतु खारा वारा ही पट्टी पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडतो. म्हणून पट्टीच्या लांबीने उत्तरेस वा दक्षिणेस चालू लागले की आडवी वाट आपोआप साधते.

बाहेर पडण्यास वेळच नसेल, तर स्लॅबच्या खोलीत, शक्य तर वरच्या मजल्यावर, दारे-खिडक्या लावून, फटींत ओली फडकी कोंबून बसावे व पंखे बंद करावेत. कौलारू वर्गात मात्र कौलांच्या सांध्यांतून हवा येत राहते. तेथे दार लावल्याने थोडाच वेळ मिळतो, हे ध्यानात ठेवावे.

बंदराच्या गावी बर्फाच्या कारखान्यांत अमोनिया वायू असतो. त्याचाही वास उग्र, परंतु तो मुतारीच्या वासासारखा असतो. अमोनिया मूळचा हवेहून हलका असला तरी गार व दमट ढगाच्या रूपात तोही जमिनीलगत राहू शकतो. वायू कोणता हे ठरविण्यात वेळ घालवू नये. वाऱ्याला आडवे निघण्याचा नियम दोहोंनाही लागू आहे.

शाळेतील कपाट

क्लोरीनची सर्वांत संभाव्य गळती शाळेच्या स्वच्छतागृहातच होऊ शकते. टी. सी. एल. चूर्ण आणि शौचालय धुण्याचे आम्ल एकत्र आले की त्याच क्षणी क्लोरीन सुटतो. अधिक स्वच्छ व्हावे या चांगल्या हेतूने दोन्ही एकाच वेळी ओतणारी माणसे असतात, आणि स्वच्छतागृहाची खोली लहान व कोंदट असते. यासाठी :

(१) चूर्ण व आम्ल एका कपाटात, एका खोलीत ठेवू नये. चूर्णाजवळ रॉकेल, तेल वा खते ठेवू नयेत.

(२) चूर्ण झाकणाच्या कोरड्या डब्यात, मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. आमच्याकडील पावसाळी दमट हवेत ते लवकर खराब होते. म्हणून साठा थोडाच करावा.

(३) डब्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे. रिकाम्या शीतपेयाच्या बाटलीत आम्ल कदापि भरू नये.

(४) ही कामे मुलांकडून करवून घेऊ नयेत.

वायू सुटला असता शिक्षकाची कर्तव्ये

आमच्या कित्येक शाळा द्विशिक्षकी आहेत. म्हणून कामाची वाटणी आधीच ठरवावी. एका शिक्षकाने हजेरीपट घेऊन मुलांसह निघावे. दुसऱ्याने सर्व खोल्या रिकाम्या झाल्या हे पाहून मागोमाग यावे व वाटेतून ११२ क्रमांकावर कळवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. कळविताना गाव, वाडी, वास कसा आहे, वारा कोणीकडे आहे व किती जणांना त्रास होत आहे, हे सांगावे. एकच शिक्षक असेल तर त्याने प्रथम मुलांना न्यावे व दूरध्वनी नंतर करावा.

जमलेल्या जागी नावे घेऊन मोजणी करावी. एखादे मूल कमी भरले, तर शिक्षकाचे पाऊल मागे वळू पाहते. येथेच सर्वांत कठीण नियम पाळावा लागतो : श्वसनसाधनाशिवाय कोणीही वायूत परत शिरू नये. ओला रुमाल नाकावर धरल्याने बाहेर पडताना किंचित आधार होतो, परंतु तो घेऊन आत जाता येत नाही. शिक्षक आत कोसळला तर आतील मूल वाचत नाही आणि बाहेरची मुलेही पोरकी होतात. अग्निशामक दलास त्या मुलाची नेमकी जागा सांगणे हीच त्याला खरी मदत होय. मोजणी आधी खोलीच्या दारातच करण्याची सवय लावली, तर हा प्रसंग बहुधा टळतो.

गळणाऱ्या नळकांड्यावर पाणी ओतू नये. त्याने गळती वाढते. ते बंद करण्याचे काम प्रशिक्षित माणसांचे आहे.

प्रथमोपचार

बाधित मुलास शुद्ध हवेत आणावे व चालावयास न लावता उचलून न्यावे. श्रम केल्याने फुप्फुसांवरील भार वाढतो. त्यास टेकून अर्धवट बसते ठेवावे व कपडे सैल करावेत. कपड्यांना वास येत असेल तर ते काढून अंग पाण्याने धुवावे. डोळे चुरचुरत असतील तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली १५ मिनिटे धरावेत. कांदा हुंगविणे, दूध वा लिंबू पाजणे, वाफ देणे हे उपाय करू नयेत. या विषावर उतारा असा नाही. प्राणवायू व वैद्यकीय देखरेख हाच उपचार आहे.

खोकला थांबला म्हणजे धोका टळला असे नव्हे. फुप्फुसांत पाणी साचण्याची क्रिया काही तासांनंतरही सुरू होऊ शकते. म्हणून ज्यास दम लागला वा छातीत दुखले, त्या प्रत्येक मुलास डॉक्टरांना दाखवावे आणि रात्रभर त्याच्यावर लक्ष ठेवण्यास पालकांना सांगावे.

वर्गातील प्रयोग

शाळेत क्लोरीन कधीही तयार करून दाखवू नये. त्याऐवजी रुंद बरणीत एक आखूड व एक उंच मेणबत्ती पेटवून ठेवावी. दुसऱ्या भांड्यात खाण्याच्या सोड्यावर लिंबाचा रस पिळावा. निघणारा कर्बद्विप्राणिद वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असतो. द्रव सांडू न देता तो वायू बरणीत हळूच ओतला की आखूड मेणबत्ती आधी विझते. उंच कोणती व आखूड कोणती, आणि आपण दोहोंपैकी कोणाजवळ उभे राहावे, हे मुले स्वतःच सांगतील.

स्वाध्याय

१. आज सकाळी व दुपारी वारा कोणत्या दिशेने वाहत होता? तुम्ही कशावरून ओळखले?

२. शाळेचा नकाशा काढा. त्यात सखल जागा निळ्या व उंच जागा तांबड्या रंगाने दाखवा. खाऱ्या वाऱ्यासाठी एक व मतलई वाऱ्यासाठी एक अशा दोन वाटा बाणांनी काढा.

३. टी. सी. एल. चूर्ण व आम्ल तुमच्या घरी कोठे ठेवले आहे ते पाहा, पण त्याला हात लावू नका. दोन्ही जवळ असतील तर घरातील वडील माणसांना काय सांगाल?

४. तुमचा मित्र मागे राहिला आहे. तुम्ही कोणास, काय सांगाल?