परराज्यांतील शर्यत आणि ‘कितवा आलास?’ हा प्रश्न



शर्यत धांवून घरीं आलेल्या मुलास आपण सर्वांत आधीं जो प्रश्न विचारतों तो ‘कितवा आलास?’ हा होय. हा प्रश्न वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तो अपुरा आहे, आणि त्याच्या अपुरेपणामुळें कधीं कधीं मुलाचें मोठें नुकसान होतें, हें या लेखांत दाखवावयाचें आहे.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या वर्गांतील एक मुलगा लांब पल्ल्याच्या शर्यतींत तालुक्यांत पहिला आला, जिल्ह्यांत पहिला आला आणि अमरावती विभागांत दुसरा. पुढें राज्याच्या चाचणींतहि त्याचा नंबर लागला व परराज्यांत धांवावयास जाण्याचा योग आला. त्याचे वडील शाळेंत आले. कापूस वेंचणीचे दिवस होते. त्यांनीं शांतपणें विचारलें, “गुरुजी, पोरगा तिथं पहिला येईल काय?” आम्ही खरें तेंच बोललों : “तसें सांगतां येत नाहीं, तेथें सर्व राज्यांतील उत्तम मुलें येतात.” “मग आठ दिवस कशाला मोडायचे?” असें म्हणून ते उठले. पुढें काय बोलावें हें आम्हांस सुचलें नाहीं. मुलगा गेला नाहीं. यांत त्या बापाचा दोष नाहीं. ज्याच्यापाशीं उत्तर असावयास हवें होतें त्या शिक्षकाचा आहे. तें राहिलेलें उत्तर आज देत आहों.

प्रथम श्री. अविनाश साबळे यांचें उदाहरण घेऊं. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील मांडवा हें त्यांचें गांव. आईबाप कष्टकरी. शाळा सुमारें ६ किलोमीटर दूर व जावयास वाहन नाहीं, म्हणून तें अंतर ते चालत वा धांवत कापीत. बारावीनंतर ते सैन्यांत, ५ महार पलटणींत, भरती झाले. सियाचीनचें बर्फ व राजस्थानची वाळू त्यांनीं पाहिली. धांवपटू म्हणून त्यांची खरी सुरुवात १९१५ सालीं नव्हे, तर १९१५ च्या शंभर वर्षांनंतर, म्हणजे २०१५ सालीं, सैन्यांतील क्रॉस-कंट्री शर्यतींतून झाली. तेव्हां त्यांचें वय विशीच्या पुढें गेलें होतें.

हे साबळे २९ नोव्हेंबर २०२० रोजीं दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्यें धांवले. या शर्यतीचें अंतर २१.०९७५ किलोमीटर, म्हणजे आपल्या मेहकराहून लोणारास जावें जवळजवळ तितकें. तें त्यांनीं १ तास ० मिनिटें ३० सेकंदांत कापलें. त्या दिवसापर्यंत कोणाहि भारतीयानें हें अंतर ६१ मिनिटांच्या आंत तोडलें नव्हतें. आतां आपला नेहमींचा प्रश्न विचारा : ‘कितवे आले?’ उत्तर आहे, दहावे. पहिले आलेले इथिओपियाचे धांवपटू ५८ मिनिटें ५३ सेकंदांत पोंचले होते. क्रमांकच पाहणारा म्हणेल, “दहावा आला, मग काय मोठेंसें?” घड्याळ पाहणाऱ्यास मात्र कळेल कीं, त्या सकाळीं भारताच्या धांवण्याची मर्यादाच पुढें सरकली होती.

हा केवळ एकदांचा योगायोग नव्हे. २०२२ सालीं साबळे अमेरिकेंत ५,००० मीटर धांवले व बारावे आले. वेळ लागला १३ मिनिटें २५.६५ सेकंद. बहादुर प्रसाद यांनीं १९९२ सालीं केलेला, तीस वर्षें अढळ राहिलेला राष्ट्रीय विक्रम या बाराव्या क्रमांकानें मोडला.

मुलींच्या पालकांनीं दुसरें उदाहरण लक्षांत घ्यावें. ललिता बाबर या सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यांतील मोही गांवच्या. तो मुलूख अवर्षणाचा. तेथून निघालेली ही मुलगी २०१५ सालीं चीनमधील वुहान येथें ३,००० मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतींत आशियांत पहिली आली. पुढच्याच वर्षीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें त्यांनीं प्राथमिक फेरींत ९ मिनिटें १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला व अंतिम फेरी गांठली. १९८४ सालीं पी. टी. उषा यांनीं अंतिम फेरी गांठल्यानंतर धांवण्याच्या वैयक्तिक शर्यतींत भारतीय स्त्रीला तो मान मिळाला नव्हता. अंतिम फेरींत क्रमांक कितवा? येथेंहि दहावा !

तिसरें उदाहरण शंभर वर्षांपूर्वींचें आहे. बेळगांवचे फडेप्पा चौगुले हे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत चमकले. त्या काळीं बेळगांव व पुणें एकाच मुंबई इलाख्यांत होतीं; आज त्यांच्यामध्यें राज्याची सीमा आहे. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनीं तेथें अनवाणी धांवणारे शेतकरी तरुण पाहिले आणि यांना ऑलिंपिकला पाठवावें असें त्यांच्या मनांत आलें. त्यांच्याच खटपटीनें १९२० सालीं चौगुले बोटीनें बेल्जममधील अँटवर्प येथें गेले. तेथील मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरांची होती. ती त्यांनीं २ तास ५० मिनिटें ४५.४ सेकंदांत पुरी केली व ते एकोणिसावे आले. पहिले आलेले फिनलंडचे कोलेहमाइनेन त्यांच्या अठरा मिनिटें पुढें होते. परंतु त्यापूर्वीं भारतानें पाठविलेला एकहि मॅरेथॉनपटू त्या मैदानावर उतरला नव्हता. जगाच्या मानानें आपण कोठें आहों याचें उत्तर त्या एकोणिसाव्या क्रमांकानें प्रथम मिळालें.

यावरून घ्यावयाचा बोध असा. शर्यतीचीं मापें दोन आहेत. क्रमांक हें पहिलें माप. तें आपल्याबरोबर कोण धांवत होतें यावर अवलंबून असतें. वेळ हें दुसरें माप; तें आपल्या स्वतःच्या श्रमांवर अवलंबून असतें. गांवच्या शर्यतींत पुढें असलेला मुलगा जिंकण्यापुरताच धांवतो, कारण मागें कोणी नसतें. स्वतःहून बलवान सोबती मिळाले म्हणजे गति राखावी लागते, त्यांच्या आडोशानें वाऱ्याचा विरोध कमी होतो, आणि आपल्या अंगांत आहे हें ठाऊक नसलेलें बळ बाहेर पडतें. म्हणूनच घरचा पहिला नंबर आनंद देतो, आणि परराज्यांतील दहावा नंबर शिक्षण देतो.

आणि हें शिक्षण वायां जात नाहीं. अमेरिकेंत बारावे आलेले साबळे त्याच वर्षीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत अडथळ्यांच्या शर्यतींत दुसरे आले. पहिल्या आलेल्या केनियाच्या धांवपटूचें व त्यांचें अंतर अवघें ०.०५ सेकंदाचें होतें. २०२३ सालीं हांगचौ येथील आशियाई स्पर्धेंत ते पहिले आले. बाराव्या क्रमांकास जो भ्यालाच असता, त्यास हा पहिला क्रमांक कोठून दिसता?

आतां जाणाऱ्या मुलांस कांहीं व्यावहारिक सूचना.

मेहकरास आगगाडी नाहीं. समृद्धि महामार्ग जवळून जात असला तरी लांबच्या गाडीसाठीं अकोला वा जालना गांठावें लागतें. म्हणून प्रवासाचा शीण उतरावा इतकें, निदान दोन दिवस, आधीं पोंचावें. शर्यतीच्या आदल्या रात्रीं झोंप नीट लागत नाहीं. त्याच्या आधींची रात्र पुरी झोंपावें म्हणजे भागतें. नवे बूट, नवे मोजे व नवें अन्न शर्यतीच्या दिवशीं वापरूं नये. पायास फोड आला कीं सहा महिन्यांची मेहनत फुकट जाते.

शरीर उकाड्यास सरावण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून जेथें उष्मा अधिक असेल तेथें पहिला किलोमीटर मुद्दाम हळू धांवावा. स्नायू व यकृत यांत सांठलेल्या साखरेवर लांबची धांव चालते. आरंभींच फार जोर केला तर तो सांठा लवकर संपतो व पाय शिशासारखे जड होतात. पाणी तहानेप्रमाणें थोडें थोडें प्यावें. घटाघटा प्याल्यानें रक्तांतील मिठाचें प्रमाण उतरतें व तेंहि धोक्याचें असतें. पूर्ण मॅरेथॉन शाळकरी मुलांसाठीं नव्हे. बहुतेक मोठ्या शर्यतींत १८ वर्षांखालील मुलांस ती धांवूं देत नाहींत. तुम्हीं आपल्या वयास नेमलेल्याच अंतरांत उतरावें.

सर्वांत शेवटची सूचना वहीची आहे. प्रत्येक शर्यतीचें अंतर व वेळ लिहून ठेवावी आणि एका किलोमीटरास किती वेळ लागला हें काढावें. साबळे यांच्या ३,६३० सेकंदांस २१.०९७५ नें भागून पाहा. सुमारें १७२ सेकंद, म्हणजे किलोमीटरास २ मिनिटें ५२ सेकंद येतील. चौगुल्यांचें उदाहरण तसेंच सोडवा. उत्तर जवळजवळ ४ मिनिटें येतें. मग त्याच रीतीनें आपलें उत्तर काढा, आणि पुढच्या वर्षीं तें पुन्हां काढा.

आणि पालकजनहो, आपलें मूल परराज्यांतून धांवून येईल तेव्हां एस. टी. स्थानकावर त्यास ‘कितवा आलास?’ हें जरूर विचारा. पण लगेच ‘मागच्यापेक्षां किती सेकंद कमी लागले?’ हेंहि विचारा. त्या कापूस वेंचणीच्या दिवसांत आम्हांस द्यावयाचें होतें तें उत्तर हेंच : तो पहिला येईल कीं नाहीं हें ठाऊक नाहीं, परंतु तो गेला नाहीं, तर आपण किती धांवूं शकतों हें त्याला कधींच कळणार नाहीं.