यंत्राचे बोलणे आणि कंपनीचे दायित्व

प्रश्न : आमच्या १४ वर्षांच्या मुलाला चॅटबॉटने स्वतःस इजा करण्यास उत्तेजन दिले. ‘यंत्र बोलले, कंपनी काय करणार’ असे सगळे म्हणतात. खरे काय?
— एक आई, न्यू जर्सी

उत्तर : ताई, हा समज निराधार आहे; मुलगा गमावलेल्या एका मातेने चॅटबॉट बनविणाऱ्या कॅरेक्टर टेक्नॉलॉजीज कंपनीविरुद्ध गुदरलेल्या दाव्यात फ्लोरिडाच्या संघीय न्यायालयाने मे २०२५ मध्ये, चॅटबॉटचे बोलणे म्हणजे संविधानाने संरक्षिलेले भाषणच होय हा बचाव प्राथमिक अवस्थेत मान्य न करता, सदोष उत्पादनाबद्दलची तक्रार पुढे चालविण्यास मुभा दिली. तो अंतिम निर्णय नव्हे, हे मात्र ध्यानी असावे. संतापाने खाते पुसून टाकू नका. तारीखवार संभाषण हाच तुमचा अस्सल दस्तऐवज, त्याची नक्कल दावा लावण्याची मुदत टळण्यापूर्वी वकिलांना दाखवा. परंतु दाव्याआधी मुलगा : त्याला एकटे ठेवू नका, दोष देऊ नका, ९८८ या संकटकालीन मदत-क्रमांकावर रात्री-अपरात्रीही साहाय्य मिळते.